पाटाकडच्या काळ्या ओळी

गोजरबाईच्या धाकट्याला, गहिनीनाथाला, राहुरीच्या विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले होते. मागाहून कळलं की पोरगा तिथे किडलेल्या पानांचे आणि बुरशी आलेल्या फळांचे फोटो काढतो. "माणसांची तोंडं सोडून किडीचे फोटो काढायला सरकार पगार देतंय," असं ती चारचौघींत सांगायची. त्यात निम्मी चेष्टा असायची आणि निम्मा तोरा.

नवरा गेल्यापासून घर तिच्याच तोंडावर चाललं होतं. थोरला मच्छिंद्र बाग बघायचा. बाग म्हणजे मोसंबीची, अर्धी पाटाच्या कडेला आणि अर्धी वर माळाच्या अंगाला. थोरली सून छबूबाई खाली मान घालून राबणारी. धाकटी माधुरी बारावी शिकलेली, तिची मान सहसा खाली नसायची. एका चुलीवर दोघींचं जमेना हे गोजरबाईला दिसत होतं, पण आपण आहोत तोवर जमवून घेतील असा तिचा हेका.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात गहिनीनाथाला नवं खूळ लागलं. विद्यापीठात मुंबईहून एक वेगळीच फिल्म आली होती. आपल्या डोळ्याला जो उजेड दिसतच नाही तो म्हणे तिला दिसायचा. इन्फ्रारेड की काय. साहेबांचं काम झाल्यावर मुदत संपत आलेले चार रोल त्यांनी ह्याला देऊन टाकले. ह्याने ते फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी नेऊन ठेवले आणि सगळ्या घराला दम भरला की डबीचं झाकण कुणी उघडायचं नाही.

त्या फिल्मचे लाड तर विचारू नका. कॅमेऱ्यात भरायची ती मिट्ट काळोखात. गहिनीनाथ धान्याच्या खोलीत जायचा, दार लावायचा आणि वर आणखी गोधडीत शिरायचा. छबूबाई एरवी कुणाला उलटून बोलणारी नव्हे, तीही म्हणाली, "भावजी, बाळंतीन हायसा का? डिंकाचे लाडू करू का?"

"करा वयनी, पर दार उघडू नका," आतून आवाज आला.

फोटो काढायचा तोही भर दुपारी. सारा गाव जेवून आडवा झालेला असताना हा भिंगावर लाल काच लावून बांधाबांधाने हिंडायचा. लाल काचेतून त्याला धड दिसायचं नाही, म्हणून आधी काच काढून नेम धरायचा, मग काच लावायची, मग भिंगावरच्या कसल्याशा लाल खुणेपाशी आकडा सरकवायचा. एवढं करून एक फोटो. रात्री न्हाणीघर अडवून फोटोचे कागद धुवायचा. आंघोळीच्या पाण्याचा खोळंबा व्हायचा तो वेगळाच.

पण पहिला कागद ओला असतानाच तो जो धावत बाहेर आला, तसा हसताना गोजरबाईने त्याला पाचवी-सहावीनंतर पाहिलं नव्हतं.

"आये, हे बघ! आपला बांधावरचा लिंब!"

लिंब कसला, कापूस पिंजून टांगल्यासारखं झाड. पान न् पान पांढरंशुभ्र. वर आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं आणि त्यात एकच ढग, असा उठून आलेला की हात लावावासा वाटावा. पाटाचं पाणी डांबरासारखं. झाडाखाली मच्छिंद्र उभा, त्याचा रापलेला चेहरा दुधाच्या सायीसारखा मऊ आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे ठिपके.

"ह्यो आपला मच्छिंदर हाय का कुनाचं भूत?" गोजरबाई म्हणाली. "आसलं उलटं-पालटं बघायला डोळं कशाला दिलेत देवानं?"

"उलटं न्हाई आये. हिरव्या पानातनं लई उजेड निघतो, तुला-मला दिसत न्हाई एवढंच. जितं पान ह्यात पांढरं येतं. आतून बिघडलं की काळवंडतं. वरून हिरवंगार दिसतं बघ, तरी फिल्मला आधी कळतं. साहेब तेच बघत्यात."

"म्हंजी तुझी फिल्म वैदू हाय."

"वैदूच म्हन. मला काय, मला नुस्ती मजा वाटती."

तो गेल्यावर तिने तो कागद पुन्हा उचलला. लग्न होऊन आल्यापासून ज्या लिंबाखाली तिने भाकरी सोडली, तो असा नवरदेवासारखा उभा असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. बराच वेळ ती बघत राहिली. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

तिसरा रोल गहिनीनाथाने घराच्या पत्र्यावर चढून सबंध बागेवर खर्च केला. फोटो मोठा करून आणला आणि सगळ्यांना दाखवत सुटला. "ढग बघा! आन् माळाच्या कडंची ती रेघ बघा!" छबूबाईने ढग बघितला, माधुरीने रेघ बघितली. गोजरबाईने बाग बघितली. माळाकडची झाडं पांढरी आली होती. पाटाकडच्या ओळी मात्र धुरकट होत्या, आणि अगदी पाटाला लागून असलेल्या तर काळ्याच.

दुसऱ्या दिवशी एकटीच पाटाकडे गेली. पानं हिरवी होती, फळ लागलेलं होतं. तिने एका झाडाच्या बुंध्याची माती हाताने उकरली. खाली चिखल होता. पाटाचं पाणी आतून पाझरून जमीन चिबडली होती. एक मुळी ओढली तर साल हातात आली आणि कुजका वास आला. चार झाडं पुढे बुंध्यावर डिंकाचे थेंब ओघळले होते. गोजरबाईने माती परत लोटली, पायाने दाबली आणि घरी आली.

गहिनीनाथाला हे कळलं असेल का, हा विचार तिने केला आणि लगेच निकाल लावला. ह्याला ढग दिसतात, झाड दिसत नाही.

संक्रांतीच्या वाणावरून सुनांचं फाटलं ते फाटलंच. माधुरीने वेगळी चूल मांडली आणि वाटणीची भाषा सुरू झाली. चुलत दीर गोरक्षनाथाला बोलावणं गेलं. त्यांच्या भावकीतली रीत ठरलेली होती. वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने, म्हणजे वाटे पाडणाऱ्याचं मन शुद्ध राहतं. मच्छिंद्राने शुद्ध मनाने दोन वाटे पाडले, एक पाटाकडचा आणि एक माळाकडचा. आणि मग त्याचा चेहरा उतरला. पाणी सोडून माळ कोण उचलील?

"आये, माझ्या वाट्याला धोंडंच येनार," तो म्हणाला.

"गप ऱ्हा. येतंय ते घे," ती म्हणाली.

तिने मनाशी हिशेब मांडून ठेवला होता. धाकट्याला पगार आहे, पुढे पेन्शन आहे. थोरल्याला बागेशिवाय काय? आणि तिचं उरलेलं आयुष्य थोरल्याच्याच दारात जायचं होतं. हिशेब चुकीचा नव्हता. तो पोराला तोंडावर सांगायला तिची जीभ वळेना एवढंच. आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता, आता पोटच्या पोरापुढे पसरायचा?

वाटणीच्या दिवशी सकाळी ती ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत होती. गहिनीनाथ शेजारी येऊन बसला. एक घाटा फोडून तोंडात टाकला.

"आये, कोन्ती उचलू?"

"त्यात इचारायचं काय? पाटाकडची. पानी दारात हाय. तू नोकरीवाला, माळावर कवा जानार मरायला?"

तो थोडा वेळ घाटे सोलत राहिला. मग तिच्याकडे न बघता पुन्हा म्हणाला, "खरंच पाटाकडचीच घेऊ म्हनतीस?"

"तुझी आय हाय मी, वैरीन न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

दुपारी गोरक्षनाथासमोर त्याने पाटाकडची बाग उचलली. माधुरी खुशीत होती. मच्छिंद्र चार दिवस धड जेवला नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर पाटाकडची पानं पिवळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात ओळीच्या ओळी वाळल्या. माळावरची झाडं तेवढी फळांनी वाकली. माधुरी दारात उभी राहून मोठ्याने बोलायची, पण बोलायची ती नशिबाला आणि पाटाच्या पाण्याला. सासूला एक शब्द नाही. तेच गोजरबाईला टोचायचं. भांडायला आली असती तर तिने दोन द्यायच्या ठिकाणी चार दिल्या असत्या.

झाडं तोडायला माणसं लावली असं कळलं तेव्हा ती पाटाकडे गेली. निम्मी झाडं आडवी झाली होती. गहिनीनाथ तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा बसवून उभा होता. भिंगावर लाल काच होती.

"गहिन्या," ती म्हणाली, "मी मच्छिंदराला सांगती. वरच्या चार ओळी तुझ्याकडं करू. तुझ्या नशिबानं दगा दिला त्याला कोन काय करनार?"

"ओळी नको."

"का? तोरा कुनाला दावतोस?"

त्याने काच काढून सदऱ्याला पुसली. "फोटो म्या काढलाय आये. दोन दिस त्यो माझ्याच हातात हुता, आन् तू त्यात कुठं बघत हुतीस ते बी म्या बघितलं. काळ्या ओळी तुला दिसल्या आन् मला न्हाई, आसं वाटलं व्हय तुला?"

गोजरबाईने पदर कमरेला खोचला. "मंग उचललीस कशाला मेल्या?"

"तुला इचारलं, म्हनून उचलली. दोनदा इचारलं." तो रागाने बोलत नव्हता, तेच वाईट होतं. "'गहिन्या, तुला पगार हाय, खराब बाग तू घे,' एवढं म्हनली आसतीस तरी मी घेतली आसती. दादाचं पोट मला कळत न्हाई का? पर तू म्हनलीस, मी वैरीन न्हाई."

"म्हंजी माझी परीक्षा घेतलीस तू? पोटच्या पोरानं?"

"व्हय. घ्यायला नको हुती."

तो पुन्हा वाकून कॅमेऱ्यात बघायला लागला. पाझराच्या ओलीने झाडांखाली गवत गुडघाभर माजलं होतं. ते पांढरं येणार आणि मधे ही वाळकी झाडं काळी उभी राहणार, हे आता गोजरबाईलाही न सांगता समजत होतं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनंच सुख पसरत गेलं. बाग गेली, आई तुटली, आणि हा सुखात. ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि तो तिला काहीच दाखवत नव्हता.

"आये, जरा बाजूला सरक," तो म्हणाला. "सावली पडती."

ती सरकली.

संध्याकाळी मच्छिंद्र जेवायला बसला. पोट भरलेल्या माणसाला सुचतं तसं बोलायला लागला. "आये, गहिन्यानं पाटाची बाग उचलली तवा मला वाटलं, बुडालो. तू म्हनलीस, गप ऱ्हा, येतंय ते घे. तुला आधीच ठाव हुतं का काय गं?"

छबूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मला काय ठाव आसनार?" गोजरबाई म्हणाली. "अडानी बाई मी. ते फोटो-बिटो तुमच्या शिकल्याल्यांचं."

मच्छिंद्र हसला आणि त्याने कालवण वाढून घेतलं. छबूबाई मात्र सासूकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत सासूने स्वतःला अडाणी म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"बघतीस काय?" गोजरबाई खेकसली. "भाकर करपली ती तुझ्या बापानं उलटायची का?"

छबूबाईने भाकरी उलटली. ती करपलेली नव्हती.