फोटो चांगले आलेत

आमच्या स्तन-तपासणीच्या बसमध्ये एक वाक्य ठरलेलं आहे. यंत्राच्या दोन पाट्यांमधून बाई सुटली की आम्ही म्हणतो, "फोटो चांगले आलेत, कपडे घाला." अर्थ एवढाच, की फोटो हललेला नाही, पुन्हा दाबून घ्यायला नको. आजार आहे की नाही ते डॉक्टर नंतर बघतात आणि पत्र घरी जातं. पण आमच्या फ्रीसलंड प्रांतातल्या बायका मुळातच कमी विचारतात. चांगले म्हणजे चांगले, असं समजून सायकलवर बसतात. बावीस वर्षं मी हे वाक्य म्हणतेय, आणि त्या ते कसं ऐकतात हे मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बस आमच्याच गावात, स्केटिंग क्लबच्या मागे उभी होती. माझी थोरली बहीण बाउक्ये आली.

"हळू दाब गं वित्स्के, चीज नाहीये ते."

"गप उभी राहा," मी म्हणाले.

पडद्यावर नुसतं पांढरं आलं. छातीतली चरबी फोटोत काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. हिच्या छातीत जवळजवळ सगळ्या ग्रंथीच. घनतेचे आम्ही ए ते डी असे चार वर्ग करतो, डी म्हणजे सगळ्यात दाट. ही डी, डोळे मिटून सांगावी अशी. त्या पांढऱ्यात काय दडलंय ते कुणालाच दिसलं नसतं. घनता बाईला सांगायची नाही, हा आमच्या बसचा नियम. बायका उगाच घाबरतात म्हणे. सख्ख्या बहिणीसमोरही मी तो नियम पाळला. "फोटो चांगले आलेत," मी म्हणाले. दहा दिवसांनी तिला पत्र गेलं की काही वावगं आढळलं नाही.

या जुलैत तिच्या छातीत गाठ निघाली म्हणून मी तिच्याबरोबर इस्पितळात बसले होते. तोवर सोनोग्राफी झाली होती, नवीन मॅमोग्राफी झाली होती, शिरेत औषध सोडून एमआरआयही झाला होता. डॉक्टरीणबाई भली होती, सगळं दाखवत होती. संगणकाच्या मोजणीत बाउक्येची घनता बेचाळीस टक्के, एमआरआयवर एकतीस, डोळ्यांनी बघाल तर ऐंशीच्या पुढे. प्रत्येक यंत्राचं माप वेगळं, कारण प्रत्येक वेगळंच काहीतरी मोजतं. गाठ मात्र एकट्या एमआरआयने नीट दाखवली. सहा सेंटिमीटर. काखेतही गेलेली. आदल्या दिवशीच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये मणक्यातही सापडली होती.

"बरी होईन का मी?" बाउक्येने विचारलं.

"आपण त्याला थोपवून धरू," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बरं करणं आता आपल्या हातात नाही."

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी बाउक्येने नवऱ्याला फोन लावला. श्युर्ड गोठ्यात होता, मागे गाई ऐकू येत होत्या.

"पसरलंय रे," ती म्हणाली. "नाही, कुणाची चूक नाही. वित्स्केने फोटो काढले तेव्हा सगळं साफ होतं. नंतर झालंय."

मी तसंच राहू दिलं असतं तर ती त्याच समजुतीत गेली असती. मला तेही जमलं नाही. तिचं भलं म्हणून नव्हे, माझाच जीव गुदमरत होता म्हणून मी बोलले.

"बाउक्ये, साफ नव्हतं. नुसतं पांढरं होतं. मला काहीच दिसत नव्हतं."

"म्हणालीस ना, चांगले आलेत."

"फोटो चांगले होते. हलले नव्हते. तेवढाच अर्थ असतो त्याचा."

शेजारी कुणीतरी कॉफीत साखर ढवळत होतं.

"नोव्हेंबरात मला ती हाताला लागली होती," ती म्हणाली. "अंघोळ करताना. श्युर्ड म्हणाला डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, येडा का काय, आमच्या वित्स्केने बघितलंय. आठ महिने, वित्स्के. रोज हात लावून बघायचे आणि तुझं नाव घ्यायचे."

मला वाटलं, हिने आता माझ्या थोबाडीत मारावी. मी वाट बघत होते. मारली असती तर मी तिथेच तिच्या पायावर पडून रडले असते.

"आणि तुझी?" तिने विचारलं. "तू काढून घेतेस ना स्वतःचे फोटो? तुझी छाती कशी दिसते?"

खोटं बोलायला जीभ वळेना.

"काळी," मी म्हणाले. "ए वर्ग. सगळं स्वच्छ दिसतं."

"आणि हे तुला किती वर्षं माहीत आहे?"

"पहिल्या फोटोपासून."

तिने मान हलवली. कोटाची बटणं लावली, एक चुकलं म्हणून सगळी काढून पुन्हा लावली. मी मदतीला हात पुढे केला तर ती मागे सरकली.

"श्युर्ड येईल मला न्यायला," ती म्हणाली. "तू जा आता."