तेजाबाची हजेरी

“चुना न्हाई! पायाला चुना लावाल तर खबरदार!” सटवाजी दारातूनच ओरडला.

वसमतच्या सरकारी शाळेत प्रयोगाच्या खोलीचा शिपाई म्हणून त्याची एकवीस वर्षं गेली होती. गावात कुठंही तेजाब सांडलं की लोक वैद्याआधी त्याला बोलावत. लोकांना वाटे, सटवाजीकडं मंत्र आहे. त्याच्याकडं पापडखार होता.

आज संतराम सोनाराची बाटली लवंडली होती. निम्मं तेजाब जमिनीवर, निम्मं त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या पायावर. जमिनीतून वाफ निघत होती, शालूबाई कण्हत होती आणि जमलेले लोक सल्ले देत होते.

“दारं-खिडक्या उघडा,” सटवाजी म्हणाला. “पायावर पानी वता, थांबू नका. जमिनीचं मागून बघू.”

“पायावर पापडखार काहून न्हाई?” संतरामनं विचारलं.

“तो जमिनीला. कातड्यावर टाकला तर आनखी भाजंल. अन् जोडवी काढा आदी. त्याच्याखाली तेजाब बसलंय.”

शालूबाईनं पाय मागं घेतला. “जोडवी न्हाई काढायची. मालक जिते हायेत माझे.”

मालक शेजारीच घागर घेऊन उभे होते आणि जिते असल्याबद्दल जरा ओशाळले होते.

“बोटं जातील, वैनी.”

“जाऊ द्या.”

सटवाजीनं दमून डोळे मिटले. मंत्र नाही, बाबांनो, हे तो एकवीस वर्षं सांगत आला होता. डोळे उघडून तो म्हणाला, “मंत्र चालू असताना काढलेली जोडवी काढली असं धरत न्हाईत.”

“व्हय?”

“व्हय. तसा कायदाच हाय.”

शालूबाईनं पाय पुढं केला. आता मंत्र म्हणणं आलं. सटवाजीच्या तोंडात आली ती पाचवीची जुनी हजेरी, वर्गाच्या दारात उभं राहून पाठ झालेली.

“उकंडराव बळीराम! नेमसिंग भीमसिंग! ग्यानबा तुकाराम!”

संतराम पाणी ओतू लागला. सटवाजीनं उघड्या बोटांनी काळी पडलेली जोडवी उपसली.

“वसराम सोनाजी!”

“हाजिर!” गर्दीतून वसराम हमाल ओरडला. शाळा सोडून त्याला आठ वर्षं झाली होती, पण सवय. लोकांनी त्याला धरून खाली बसवलं, कपाळाला हळद लावली. त्याच्या अंगात आलं होतं म्हणे.

बावन्न नावांची हजेरी सहा वेळा झाली. पाय लालभडक झाला, पण पाचही बोटं जागेवर राहिली. मग सटवाजीनं सांडलेल्या तेजाबाभोवती वाळूचा बांध घातला आणि कडेकडेनं पापडखार टाकला, फसफस थांबेपर्यंत. ते बघायला कोणी थांबलं नाही. सगळे वसरामच्या पाया पडत होते.

“सटवाजीबुवा,” संतरामनं हात जोडले.

सकाळपर्यंत तो नुसता सटवाजी होता. “आरं, ती पाचवीची हजेरी व्हती.”

“मोठी मानसं असंच म्हनतात.”

घरी गोजरबाईनं नवऱ्याच्या उजव्या हाताची पिवळी बोटं पाहिली. “हळद कुनी लावली तुमाला?”

“तेजाब हाय ते.”

तिनं पाण्याचा तांब्या आणला. ओसरीवर तोवर चार माणसं येऊन बसली होती. पुढची म्हातारी उठली, तिनं तीच पिवळी बोटं धरून कपाळाला टेकवली. “शेळी दूध देईना, बुवा.”

कातडी ओढली जात होती. सटवाजीनं हात सोडवून घेतला नाही.

“शेळीला पानी किती पाजता, माय?” त्यानं विचारलं.