दहा सेंटांचे काळे तिकीट

१८४७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या नऊ तारखेला, सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या धाकट्या भावाचे अठरावे पत्र न घेता परत केले. आधीची सतराही अशीच परत केली होती.

आमच्या हॉस्किन्स लँडिंग गावची टपालकचेरी म्हणजे कालव्याच्या काठावरचे झेडॉक पेल याचे दुकान. काकवीच्या पिंपामागे भिंतीला पत्रांचे खण ठोकलेले होते. पेलने पत्र काढून माझ्यापुढे धरले. मी त्याला हात न लावता चष्म्यातून फक्त पत्ता पाहिला.

"झालं वाचून?" पेलने विचारले.

"झालं."

"अहो इंजिनिअरसाहेब, पंचवीस सेंट पडायचे तेव्हा मी ब्र काढला नाही. आता तर दहाच झालेत. दहा सेंटांत भावाचं अक्षर आतूनही बघायला मिळेल!"

"आत कोरा कागद असतो, झेडॉक."

"म्हणजे तो कोरा कागद धाडणार, सरकारची घोडी तो हजार मैल वाहून आणणार, आणि तुम्ही चष्मा पुसून घरी जाणार. धन्य आहे तुम्हा दोघा भावांची!" असे म्हणत त्याने पत्रावर 'घेण्यास नकार' असा शेरा लिहिला व खाली तारीख घातली.

त्या काळी टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे. त्यामुळे अनेक घरांत पत्त्यावरच खुणा ठरवलेल्या असत. खूण वाचायची आणि पत्र परत करायचे. आमच्या खुणा मी आखल्या होत्या. माझ्या नावाखाली रेघ असेल तर सगळ्यांची प्रकृती ठीक. गावाच्या नावाखाली रेघ म्हणजे पीक बरे. राज्याच्या नावाखाली रेघ म्हणजे जमिनीबाबत नवे काही नाही. यांतली एक जरी रेघ नसली, तरी मी पैसे भरून पत्र उघडायचे. ट्रॉयच्या तांत्रिक विद्यालयात शिकलेल्या माणसाला अशा व्यवस्थेचा अभिमान वाटतो. मलाही वाटत असे.

जमीन इलिनॉयमध्ये होती, नदीकाठी, एकशे साठ एकर. १८३८ साली मी आणि माझा हा धाकटा भाऊ एनॉस यांनी ती निम्म्या-निम्म्या पैशांनी घेतली. तिथे नदी अकरा फूट खाली उडी घेते. त्या अकरा फुटांवर मला पिठाची गिरणी उभारायची होती. एनॉस जमिनीवर राहिला. मी कालव्याच्या नोकरीत राहून पैसे साठवले आणि नऊ वर्षांत गिरणीचे तेवीस नकाशे काढले. पुढच्या वसंतात मी व माझी पत्नी थर्झा तिकडे जाणार होतो. भागीदारीचा करारही मीच लिहिला होता. दोघांपैकी कोणाला ही सगळी जमीन विकायची झाल्यास त्याने दुसऱ्याला टपालाने लेखी कळवावे. पत्र त्याच्या टपालकचेरीत पोहोचल्यापासून साठ दिवसांत हरकत न आल्यास दुसऱ्याची संमती धरून जमीन विकावी व त्या दुसऱ्याला त्याने घातलेली मूळ रक्कम परत द्यावी.

त्याच वर्षी जुलैच्या आरंभी टपालाची तिकिटे निघाली; पाठवणाऱ्याने तिकीट लावले की घेणाऱ्याला काही भरावे लागत नसे. कामानिमित्त मी न्यूयॉर्क शहरात होतो. तिथून दहा सेंटांची दहा काळी तिकिटे आणली. ती सलग कागदावर छापलेली असत आणि ज्याची त्याने कापून घ्यायची. लोक कात्रीने वेडीवाकडी कापत, चित्रातल्या माणसाचा कान उडाला तरी त्यांना पर्वा नसे. मला ते पाहवेना. मी पोलादी पट्टी व नकाशाची सुरी घेऊन चारही बाजूंना सारखी पांढरी किनार ठेवून कापू लागलो.

"अहो, तिकीट कापताय की पूल बांधताय?" थर्झाने विचारले. मी हसलो आणि त्या नादात सुरी घसरली. एका तिकिटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला बारीक तिरपी खाच पडली.

ती दहाही तिकिटे मी ५ जुलैच्या पत्रातून एनॉसला पाठवली. सोबत लिहिले, 'आता खुणांचे काम संपले. तिकीट लावून खरे पत्र लिही. नदीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते कळव.'

ऑगस्टच्या त्या पत्रावर मात्र तिकीट नव्हते. रेघा तिन्ही होत्या.

"तुमचं पत्र पोचलं नसेल तर ठीक," थर्झा म्हणाली. "पण पोचूनही तिकीट लावलं नसेल तर?"

"लहानपणापासून चिक्कू आहे तो. जपून ठेवली असतील."

२९ ऑक्टोबरला पेलने मला पाहताच दुकानाच्या दारातूनच हाक मारली. "या साहेब! आज खिशात हात घालायचा नाही. इलिनॉयहून तिकीट लावलेलं पत्र आलंय!"

मी पत्र हातात घेतले. पत्त्यावरचे अक्षर अनोळखी होते. तिकीट मात्र ओळखीचे होते. चारही बाजूंना सारखी किनार, आणि उजव्या खालच्या कोपऱ्याला तिरपी खाच.

पत्र एका वकिलाचे होते. माझ्या भावाने २३ जुलै रोजी साक्षीदारांसमक्ष पाठवलेली विक्रीची सूचना ९ ऑगस्टला माझ्या टपालकचेरीत पोहोचली. ८ ऑक्टोबरपर्यंत हरकत आली नाही. सबब जमीन एका गिरणी कंपनीला विकली आहे. सोबत मूळ रकमेची हुंडी आणि सूचनेची नक्कल होती. नकलेची पहिली ओळ अशी होती : 'तुझे ५ जुलैचे पत्र मिळाले.'

म्हणजे सूचना लिहिताना तिकिटे त्याच्या हातात होती. एक तिकीट लावले असते तर मी पत्र घेऊन उघडले असते. म्हणूनच त्याने ते लावले नाही. राज्याच्या नावाखाली पट्टीने तिसरी रेघ ओढली, आणि तिकीट वकिलाला दिले.

पेल पिंपाआडून बाहेर आला. "सप्टेंबरात या वकिलानं मला पत्रानं विचारलं होतं. पत्र आलं, घेतलं नाही, असं मी लिहून दिलं. खोटं काय लिहिणार, ऑबेड?" इतक्या वर्षांत त्याने मला प्रथमच नावाने हाक मारली.

घरी थर्झाने नक्कल दोनदा वाचली. "त्या रेघा तुम्हीच शिकवल्यात ना त्याला?"

"मीच."

टेबलावर पसरलेले तेवीस नकाशे गोळा करून तिने गुंडाळी बांधली.

नोव्हेंबरात मी करार घेऊन जिल्ह्याच्या गावी न्यायाधीशांकडे गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला.

"हे साठ दिवसांचं कलम कोणी लिहिलं?"

"मी."

"फार नीट लिहिलंय, मिस्टर व्हिटलॉक. कुठेही फट ठेवलेली नाही." त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "दावा लावू नका. खर्च तुमच्याच अंगावर पडेल."

मी दावा लावला नाही. एनॉसला पत्रही लिहिले नाही. एकशे साठ एकरांपैकी माझ्या नावावर उरले शून्य एकर.