दहा मिलिग्रॅमचा संशय

गोळी इवलीशी होती, आणि म्हणूनच मला तिचा संशय आला. सहा-सात महिने ज्या दुखण्याने मला भाजून काढलं, त्याच्यावर तुरीच्या डाळीएवढी गोळी? मिरजेत आमचे डॉक्टर साध्या तापाला याहून मोठ्या गोळ्या द्यायचे.

मी मुळात संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने वरची भेंडी दाखवली की मी खालची उपसते. फोनवर कोणी फार गोड बोललं की याला काय हवंय, हे मी आधी शोधते. रेल्वेतल्या नवऱ्यामागे मी मद्रासला आले, त्याचं चेन्नई झालं, नवरा रिटायर झाला आणि आम्ही तांबरमलाच फ्लॅट घेऊन राहिलो. एवढा संसार मी डोळे उघडे ठेवूनच केला.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. आदल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. मिरजेहून नणंदेने फोनवर बजावलं, "वहिनी, दोन्ही टोकं भेटू देऊ नका हं!" शेजारच्या महालक्ष्मीअक्का गेरू उगाळून घेऊन आल्या. त्या तंजावरच्या मराठी; त्यांची मराठी आमच्यापेक्षा दोन-तीनशे वर्षं जुनी आणि अर्धी तमिळमध्ये भिजलेली. त्या गेरूला कावी म्हणतात. त्यांनी नागिणीच्या तोंडाशी आणि शेपटीशी कावीच्या जाड रेघा ओढल्या, वर लिंबाचा पाला ठेवला. टोकं काही भेटली नाहीत. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पहिल्यासारखी झाली.

दुखणं मात्र गेलं नाही. उलट, दिसायला काही उरलं नाही तेव्हा ते जास्तच चेकाळलं. ब्लाउजचं कापड लागलं की निखारा लावल्यासारखं व्हायचं. पदर मी उजवीकडून घेऊ लागले, तर बायका विचारायच्या, गुजराथी झालात का? सगळ्यात वाईट म्हणजे पंख्याचा वारा. वाऱ्याने माणसाला दुखतं हे मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. पण दुखायचं. त्यामुळे आमच्या खोलीतला पंखा बंद झाला, आणि ह्यांनी ताडाच्या पानाचा एक हातपंखा आणला. तो हे माझ्याकडे पाठ करून घ्यायचे, वारा इकडे येऊ नये म्हणून. एसी मुलगा दर्शन आणि सून यामिनीच्या खोलीत होता. हे तिकडे एकदाही झोपायला गेले नाहीत.

तीन डॉक्टर झाले. तिघांनी शर्टाचं कापड बघावं तशी माझी कातडी बघितली आणि म्हणाले, काही दिसत नाही. तिसऱ्याकडून आलो त्या दिवशी दर्शन जेवताना म्हणाला, "आई, खरं सांगू? सगळं मनाचं आहे. बाबा रिटायर झाले, तुझा दिवस जात नाही, म्हणून अंग दुखतं. योगा लाव."

मी आमटीचा डाव भांड्यात आपटला. मुलगा सॉफ्टवेअरमधला, त्याला बंद पडलेलं यंत्र कळतं, आईची बरगडी कशी कळणार? बरं वाटणं नंतरची गोष्ट होती. आधी मला एवढंच हवं होतं की घरातल्या कोणीतरी म्हणावं, तुझं दुखतंय आणि ते खरं आहे. यामिनी काही बोलली नाही. हेही बोलले नाहीत, पण हे तसे कधीच बोलत नाहीत.

मग यामिनीने कुठूनतरी मैलापूरचे डॉक्टर राजगोपाल शोधून काढले. ते फक्त जुन्या दुखण्यांचे डॉक्टर. त्यांनी कापसाची वात करून माझ्या बरगडीवरून फिरवली आणि मी किंचाळले. इथपर्यंत ठीक होतं. पण मग ते विचारू लागले, झोप येते का? जेवण जातं का? रडू येतं का? जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. दुखतं बरगडीत आणि हा माणूस चौकशी कसली करतोय? मग ते यामिनीशी भरभर इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी बेताचं, पण त्यातला 'डिप्रेशन' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. माझ्याकडे वळून ते तमिळमध्ये म्हणाले, "नसांसाठी आहे मा. रात्री एक घ्या. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात."

बाहेर आल्यावर मी सुनेला विचारलं, "काय म्हणाले गं ते इतकं?"

"काही नाही आई, नसांची गोळी आहे." ती ऑटो शोधायला लागली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ते कुठे, ते मला महालक्ष्मीअक्कांकडून कळलं. त्या वाटी परत करायला आल्या आणि टेबलावरची गोळ्यांची पट्टी उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"अय्यो सरोजिनीबाई! हीच गोळी आमच्या जयतीर्थाला दिलती की. बायको गेल्यावर तो बोलायचंच सोडलता ना, तेव्हां मनाच्या डाक्टरानं दिली. अस्कं बरं जालं मा त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी कोणाला सांगत नाही हं."

म्हणजे संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर होणार, हे मी समजले. पण त्याहून मोठी गोष्ट मला उमगली होती. घरातल्यांनी आणि डॉक्टरांनी संगनमत करून मला वेड्यात काढलं होतं. दर्शन म्हणाला ते सुनेने डॉक्टरांच्या कानावर घातलं, डॉक्टरांनी मान डोलावली आणि नसांच्या नावाखाली मनाची गोळी माझ्या हातावर ठेवली. ह्यांनाही ठाऊक असणार. रोज रात्री पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन हेच तर येत होते!

मी ताकास तूर लागू दिली नाही. गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायचं, आणि बेसिनमध्ये थुंकायची. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण एका दुपारी बरगडीत अशा कळा आल्या की मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले. त्या रात्री म्हटलं, वेडी तर वेडी, आणि गोळी गिळली. दुसऱ्या रात्रीही गिळली. तोंडाला कोरड पडायची, सकाळी डोकं जड असायचं. म्हटलं, हेच, मेंदूवरच चाललंय हे.

आणि मग एका सकाळी मी कणीक तिंबत होते. पदर खांद्यावरून घसरून नेमका डाव्या बरगडीवर घासत होता. किती वेळ घासत होता देव जाणे, मला पत्ताच नव्हता.

दुसरी बाई असती तर देवापुढे साखर ठेवली असती. मी आधी मागे वळून बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मेली लागू पडली की! मनाची गोळी लागू पडली, म्हणजे दुखणं मनाचंच होतं असं ठरलं. दर्शन म्हणेल, बघ, मी सांगत होतो. ते सहा-सात महिने, त्या कळा, ते रडणं, सगळं खोट्यात जमा होणार. ते मी कदापि होऊ देणार नव्हते.

तेव्हा मी दुखणं चालू ठेवलं. दर्शन ऑफिसातून आला की मी कण्हायची. पदर पुन्हा उजवीकडून. "कसं वाटतंय?" असं कोणी विचारलं की "तसंच." खरंच दुखत होतं तेव्हा मला कण्हायची आठवण ठेवावी लागत नव्हती, आता भाजी फोडणीला टाकताना मध्येच आठवायचं की अरे, बराच वेळ झाला, आपण 'आई गं' म्हणालो नाही. एकदा तर दर्शनच्या चपला वाजल्या म्हणून घाईने बरगडी धरली, ती उजवी.

यामिनी बघत होती. "आई, डावीकडे दुखतं ना तुमचं?"

"नागीण काय एका जागी बसून राहते का?" मी म्हटलं. त्यानंतर ती माझ्यावर नजर ठेवून होती, आणि मी तिच्यावर.

हे मात्र रोज रात्री गोळी द्यायचे, विचारायचे, "कसं आहे?" मी म्हणायची, "तसंच." हे म्हणायचे, "बरं." आणि खिडकी उघडून, पाठ वळवून तो ताडाचा पंखा घेऊन पडायचे. जूनचा उकाडा, हवा हलत नव्हती. ह्यांच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं, त्याला पावडर लावताना मी मनात म्हणायची, थोडे दिवस, काहीतरी मार्ग काढू. लाज वाटत होती. पण पंखा लावा म्हटलं की सगळं उघडं पडणार होतं.

डॉक्टरांकडे पुन्हा जायची वेळ आली तेव्हा यामिनीला रजा मिळाली नाही, म्हणून हे आले. डॉक्टरांनी विचारलं, "काय मा, फरक?"

"काही नाही," मी म्हटलं. "तसंच दुखतं."

"थोडासुद्धा नाही?" त्यांनी चष्मा काढला. ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही सांगा सर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, "ती म्हणते तसंच आहे."

डॉक्टरांनी उसासा टाकला. मग ही हळूहळू बंद करू, दुसरी देऊन बघू, म्हणाले, आणि बाहेर बसा, लिहून पाठवतो, असं सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसले आणि मला घाम फुटला. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. गोळी बंद झाली की ते निखारे परत येणार. आणि मी आता कोणत्या तोंडाने सांगणार होते की नको, हीच राहू द्या?

हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "सरोजिनी, ही बंद करू नकोस. ही लागू पडलीय."

मी दचकले. "कोण म्हणतं?"

"तू डाव्या कुशीवर झोपतेस हल्ली. बरेच दिवस झाले."

कण्हणं, पदर, सगळं मी सांभाळलं होतं. झोपेत कोण सांभाळणार?

"मग आत का नाही बोललात?" मी उलटून विचारलं, कारण रागवण्याखेरीज मला दुसरं काही सुचलं नाही.

"दुखणं तुझं आहे. दुखतं की नाही हे मी कोण सांगणार?"

"आणि उकाड्यात मरत होतात ते? पंखा लावायचा होतात की उठून!"

"तू वारा सोसत नाही म्हणालीस. तू सांगेपर्यंत कसा लावू?"

"तुम्हाला वाटलं नाही, ही बाई सोंग करतेय म्हणून?"

एवढं बोलायची ह्यांना सवय नाही. "वाटलं. पण मी तसं म्हणालो असतो, तर दर्शन म्हणाला असता, मग आधीचंही सोंगच होतं. ते मला चाललं नसतं. ते मी बघितलंय."

ज्या एका वाक्यासाठी मी घरातल्या प्रत्येकावर पाळत ठेवली, ते ह्यांच्याजवळ पहिल्यापासून होतं, आणि मी ह्यांनाही त्या कटात धरलं होतं. मला रडू आवरेना. समोरच्या बाईने आपली पर्स जवळ ओढून घेतली.

मी नंबर नसताना दार ढकलून आत गेले. "डॉक्टर, मी खोटं बोलले. पुष्कळ बरं आहे. पण मला आधी सांगा, ही मनाची गोळी आहे ना?"

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं नशीब. म्हणाले, "मोठ्या मात्रेत मनासाठीही देतात. तुमची दहा मिलिग्रॅम आहे, त्यात कोणाचं मन सुधारत नाही. नागिणीने तुमची नस जाळली मा. ती नस उगाच ओरडत राहते, ही गोळी तिचा आवाज कमी करते. हे सगळं मी तुमच्या सुनेला सांगितलं होतं."

"मग दुखणं मनातलं नव्हतं?"

"कापूस मी फिरवला होता," ते म्हणाले, "तुमच्या मनाने नाही."

घरी यामिनीला फैलावर घ्यायचं मी जागच्या जागी ठरवलं. ती काय म्हणणार हेही मला माहीत होतं: सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का?

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले, मी ह्यांच्या उजव्या हाताला. बस वळली तशी माझी डावी बाजू ह्यांच्या दंडाला लागली. हे झटकन अंग चोरून खिडकीकडे सरकले, गेले सात महिने सरकत होते तसेच. मी ह्यांच्या शर्टाची बाही धरून ह्यांना परत ओढलं आणि बरगडी ह्यांच्या दंडाला टेकवून बसले. चारचौघांत असं मी जन्मात केलं नव्हतं.

"दुखेल," हे म्हणाले.

"दुखलं तर सांगेन," मी म्हटलं. तांबरमपर्यंत हे हलले नाहीत.