दिव्याभोवतीची वर्तुळे

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्या मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, वायर दोन ठिकाणी जोडलेली आहे आणि चालू झालो की घसा खाकरल्यासारखा आवाज येतो, हे मला ठाऊक आहे. मी गाड्यांच्या रंगाला चकाकी आणणारा एक जुना पॉलिशर आहे. या वयात थोडी बढाई मारायचा मला हक्क आहे आणि आज मी तो बजावणार आहे. पण बढाई स्वतःची नाही, माझ्या मिस्त्रींची आणि वहिनींची.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझ्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली, दुसरीने दातेरी चाकांना ग्रीस लावले आणि शेवटच्या खुर्चीवरच्या आजोबांनी मला मिनिटभर चालवून, कान देऊन ऐकले. त्यांनी मान डोलावली तेव्हा मी हरखून गेलो. त्याच आठवड्यात खोक्यात बसून मी मिस्त्रींच्या दुकानात आलो.

दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी एक पांढरी खोली. धूळ उडू नये म्हणून तिथली फरशी नेहमी ओली असायची. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत म्हणून मीही म्हणतो. ती गाडी धुवायची, कोरडी करायची आणि जिथे रंग पातळ असतो त्या कडांना कागदी पट्ट्या लावायची. मग मिस्त्री मला हातात घेत.

आता माझे काम नीट समजून घ्या. मळक्या फडक्याने गाडी पुसली की रंगावर केसाहून बारीक ओरखडे उठतात. एरवी ते दिसत नाहीत. पण दिवा धरला की त्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल वर्तुळांचे जाळे उमटते आणि भारीतली गाडीसुद्धा ओशाळते. रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. ओरखडा असतो तो त्या थरात. माझ्या तोंडाला स्पंजाची चकती, चकतीवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब, आणि मी फिरायला लागलो की तो थर अगदी किंचित झिजतो. ओरखडा बुजत नाही, मित्रांनो. त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली येतो, म्हणून तो नाहीसा होतो. त्यामुळे एका गाडीला मी आयुष्यात मोजक्याच वेळा भेटू शकतो. हावरटपणा केला तर थर संपतो, आणि मग आख्खा पत्राच पुन्हा रंगवावा लागतो.

मिस्त्रींचा हात मी वीस वर्षे अनुभवला आहे. ते मला कधी दाबत नसत. माझ्याच वजनाने मला जाऊ देत, नुसती दिशा दाखवत, बैलाला ओळखीच्या वाटेवर सोडावे तसे. माझा आवाज जरा बसला की त्यांचे मनगट आपोआप हलके व्हायचे. एकेका पत्र्याआधी आणि नंतर ते रंगाची जाडी सांगणारे छोटे मीटर लावत, आणि एखादा ओरखडा फार खोल असला तर सरळ सांगत, "हा राहू दे. हा काढला तर गाडी जाईल." दुसऱ्या दुकानांतून बिघडवून आणलेल्या गाड्या त्यांच्याकडे येत आणि मान ताठ करून परत जात. मी त्यांचा चाकर होतो आणि मला त्याचा गर्व होता.

मग एका वर्षी काहीतरी बिनसले. मिस्त्री मला एकाच पत्र्यावर जास्त फिरवू लागले. मला तर स्पष्ट कळायचे. ओरखड्यांवरून जाताना चकतीला जी बारीक कुरकुर लागते ती केव्हाच थांबलेली असायची. पण मिस्त्री दिवा धरून म्हणायचे, "अजून आहेत," आणि पुन्हा मला चालू करायचे. मीटर मात्र विसरायचे.

याच दिवसांत दुकानातली लाइट वारंवार जाऊ लागली. काम झाले आणि मिस्त्री आणखी एक फेरी मारायला लागले, की मी गप्प. मिस्त्री वीज खात्याला शिव्या मोजत चहाला जात. भिंतीवरचा पंखा तोवर मजेत फिरत असायचा, पण त्यांचे तिकडे लक्ष नसे. भिंतीवरचे माझे बटण कोण बंद करत होते ते मला माहीत होते. वहिनी फडकी घडी करत तिथेच उभी असायची, चेहऱ्यावर साळसूदपणा घेऊन.

एक दिवस ड्रायव्हरकाका आले. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या बसगाड्या चालवून ते निवृत्त झाले होते आणि त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली होती. गाडी वापरलेली होती, काळीकुळकुळीत. आधीच्या मालकाने ती इतक्यांदा घासून घेतली होती की बॉनेटवर मीटर जेमतेम ब्याऐंशी मायक्रॉनवर थांबले. नव्या गाडीवर ते शंभराच्या पुढे जाते. "एकच हलकी फेरी," मिस्त्री स्वतःच म्हणाले. आणि काका स्टूल घेऊन नेमके माझ्या बटणापाशी बसले.

वहिनी म्हणाली, "काका, बाहेर बसता का जरा? इथे फार आवाज होईल."

"बसच्या आवाजात जन्म गेला माझा. मला इथेच बरं वाटतंय."

एक फेरी झाली. बॉनेट आरशासारखे लखलखले. मिस्त्रींनी दिवा धरला आणि ते म्हणाले, "अजून आहेत." दुसरी झाली. तिसरी झाली. पत्रा तापला आणि माझा जीव टांगणीला लागला. काकांची पहिली गाडी, मिस्त्रींचे वीस वर्षांचे नाव, आणि दोन्ही बिघडवणार होतो मी. चौथ्या फेरीसाठी त्यांनी मला उचलले तेव्हा वहिनीने बॉनेटवर तळहात ठेवला.

"हात काढ, तापलंय ते."

"तापलंय म्हणूनच ठेवलाय. अहो, झालंय काम."

"तुला दिसत नाहीत का? दिव्याभोवती नुसती वर्तुळंच वर्तुळं आहेत."

वहिनीने त्यांच्या हातातला दिवा घेतला. गाडीकडे पाठ केली आणि तो मोकळ्या हवेत, त्यांच्यासमोर धरला. "आता बघा. इथे बॉनेट नाही, रंग नाही. वर्तुळं आहेत का?"

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आहेत."

त्यांनी मला अलगद खाली ठेवले. मला फार वाईट वाटले.

"म्हणजे ती सारखी लाइट जायची..." मिस्त्रींनी विचारले.

"मीच बंद करत होते. तोंडावर कसं सांगू तेच कळत नव्हतं."

मित्रांनो, एखादा दुसरा माणूस गिऱ्हाइकासमोर सारवासारव करून मोकळा झाला असता. मिस्त्री काकांकडे वळून म्हणाले, "काका, खोट माझ्या डोळ्यांत आहे, तुमच्या गाडीत नाही. बॉनेट गरजेपेक्षा जास्त घासलं मी. आता कुणालाही त्याला हात लावू देऊ नका. बाकीची गाडी ही करेल. चालेल का?"

काकांनी आधी मीटर लावून घेतले. शहात्तर. थर शिल्लक होता. मग ते म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी डोळे तपासल्याशिवाय गाडीची किल्ली मिळत नसे. तुम्हाला कुणी विचारत नाही का?" आणि वहिनीला म्हणाले, "करा तुम्ही. मी इथेच बसतो."

वहिनीने मला पहिल्यांदा हातात घेतले. तिने मला घट्ट आवळले होते, पण चार दारे होईस्तोवर आमचे जमून गेले. मिस्त्री डोळे मिटून बाजूला उभे होते आणि माझा आवाज ऐकून सांगत होते, "दाबतेयस. आता बरोबर." गाडी घेऊन जाताना काकांनी दाराच्या काळ्या रंगात बघून केस नीट केले.

मिस्त्रींना मोतीबिंदू झाला होता. आधी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, महिन्याने दुसऱ्याचे. तेवढे दिवस दुकान वहिनीने सांभाळले. मिस्त्री परत आले त्या दिवशी ती एका निळ्या गाडीवर काम करत होती. त्यांनी दिवा घेतला, तिने केलेले दार इंचाइंचाने तपासले आणि एका जागी थांबले. "इथे एक रेघ राहिलीय."

"राहिली नाही, ठेवलीय. मीटर लावा."

त्यांनी लावले. आकडा बघून ते हसले. त्यांचा हात माझ्या मुठीकडे आला. मला वाटले, आता माझा धनी मला परत घेणार. त्यांनी मला उचलले, वायरचा पीळ सोडवला आणि वहिनीच्या हातात दिले. "पुढचं दार तूच कर. मी दिवा धरतो."

आता नवे, बिनवायरचे मशीन आले आहे आणि मी बहुतेक वेळ फळीवर असतो. तक्रार नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे की गाडी पुसायचे फडके स्वच्छ ठेवा, माझ्यासारख्यांच्या चकत्या धुऊन वाळवा, आणि घासण्याआधी मोजा. आणि घरात कुणाला दिव्याभोवती वर्तुळे दिसू लागली, तर त्यांच्या नकळत बटण बंद करत बसू नका. त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे न्या. मी झिजवलेला थर मला कधी परत देता आला नाही. मिस्त्रींची नजर मात्र परत आली.