टेप लावल्याशिवाय शॉट नाही

मुलीच्या पहिल्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग आमच्याच स्वयंपाकघरात होता. बऱ्याच वर्षांनी उगवलेल्या भावाला बहीण आधी झापते, मग जेवायला बसवते. बहिणीचं काम माझी बायको करत होती, भावाचं शेजारचे दातांचे डॉक्टर. भूमिकेसाठी त्यांनी मिशीचा त्याग केला होता. कॅमेरा भाड्याचा, संध्याकाळी परत जाणार. म्हणजे व्हायचं ते आजच.

कॅमेऱ्यावर माझा मेव्हणा. त्याची हयात फिल्मवर गेली. फिल्म बंद पडल्यावर काम सुटलं, आणि काय तोंड दाखवायचं म्हणून त्याने आमच्याकडे येणंही सोडलं. भाचीने बोलावलं म्हणून आज आला, तो खिशात मोजपट्टीचा टेप घेऊनच. फोकस चुकून फिल्म वाया जाऊ नये म्हणून ही मंडळी भिंगापासून नटाच्या नाकापर्यंतचं अंतर मोजत.

"मामा, आता फोकस कॅमेऱ्याच्या पडद्यावरच दिसतो."

"पडदा काय, काहीही दाखवेल," म्हणत त्याने टेप उलगडला. कॅमेऱ्याचा लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर काळी चिकटपट्टीही लावली. मला खिडकीतला उजेड परतवायला थर्माकोलचा तक्ता धरून उभं केलं. घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल असंच काम.

"ॲक्शन" म्हटलं की बायको स्टेशनवरची घोषणा करावी तशी बोले. "अरे, इतकी वर्षं, कुठे, होतास." समोर डॉक्टर आ वासून उभे. एरवी हे काम त्यांचे पेशंट करतात.

"कट" झालं की डॉक्टर बाजूला सरत, मेव्हणा टेप घेऊन तिच्या नाकाशी, आणि मग हिची जीभ सुटे.

"बाळ्या, सकाळपासून मोजतोयस. वाढलंय का नाक?"

"ताई, हलू नकोस."

"शर्टाचं बटण कुठाय? जेवतोस तरी का? घर काय आम्ही बदललं होतं, सापडत नव्हतं ते?"

तो टेपवरचे आकडे बघत राहिला. तिने त्याची कॉलर सरळ केली.

संध्याकाळी कॅमेरावाला दारात आला, तेव्हा मुलीने चित्रण कॉम्प्युटरवर लावलं. डॉक्टर कुठेच नव्हते. सकाळी मेव्हण्याला दाखवताना तिनेच बटण दाबून चित्रण सुरू केलं होतं, ते तसंच राहिलं. जुना कॅमेरा चालू झाला की घरघरायचा, हा मुका, आणि चालू असल्याचं सांगणारा लाल दिवा पट्टीखाली. मेव्हण्याने "ॲक्शन"ला बटण दाबलं की हा बंद, "कट"ला दाबलं की चालू. दिवसभर.

मेव्हणा स्टुलावर बसला. "बुडवला गं मी तुझा सिनेमा."

मुलीने चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिलं. घर सापडत नव्हतं का, कॉलर, खाली घातलेली मान. मग ती गालात हसली. "बाबा, कथेत हा भाऊ कोण होता?"

"व्यापारी."

"आता शिंपी, आणि तो मामाच. टेप घेऊनच घरी आलाय. बहिणीचं नाकसुद्धा मोजतो. सवय."

डॉक्टरांनी मिशीच्या जागेवरून हात फिरवला. "मी कापड शिवायला टाकणारं गिऱ्हाईक होऊ का?"

"आधी जेव," बायको भावाला म्हणाली. ताट कधीच वाढून झालं होतं.

मेव्हणा पानावर बसला. पहिला घास गिळून मला म्हणाला, "तरी सांगत होतो भाऊजी. टेप लावल्याशिवाय शॉट घेऊ नये."