नुसतं नाव चालत नाही

"मेल आला परत!" मी म्हटलं. तिसऱ्यांदा.

ह्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं, ‘पासवर्ड बघ.’

"तीनदा बघितला की! माझ्या मोबाईलवरनं पाठवा म्हणते, तर ऐकायचंच न्हाय!"

महिन्यापूर्वी ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. तीस वर्षं होटगी स्टेशनात रेल्वेचे टेलिफोन दुरुस्त केले, साऱ्या जगाचं बोलणं जोडून दिलं आणि स्वतःच मुके झाले. हट्ट मात्र तसूभर कमी नाही.

अकरा वाजता पुण्यात आमच्या लेकीचं, महेश्वरीचं, सिझेरियन होतं. शाळेपासून प्रत्येक परीक्षेआधी हे तिला म्हणायचे, "भिऊ नको, लाईन क्लिअर हाय." ती हॉस्टेलला गेल्यावर तेच मेलवर लिहायचे. सकाळी तिचा फोन आला, तो रडतच. "अव्वा, अप्पांचा मेल आल्याबिगर मी आत जाणार न्हाय." बाप हट्टी, लेक त्याहून. घड्याळात दहा वाजून गेले होते.

आणि ह्यांचा तो संगणक! इकडं आमच्या पेठेत त्याला कुणी हात लावत नाही. सगळ्यांचं विंडोज, ह्यांचं फ्रीबीएसडी नावाचं काहीतरी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बारीकसारीक सगळं लिहून सांगायचं. गेल्या आठवड्यात डिस्क गेली, ह्यांनी सगळं नव्यानं बसवलं. तेव्हापासून मेल येतात, जात नाहीत.

मेल का परत आला ते यंत्र बारीक इंग्रजीत लिहून ठेवतं. ह्यांचा चष्मा परवा हॉस्पिटलात हरवला, म्हणून मीच वाचत होते. माझं मॅट्रिकचं इंग्रजी, पण अक्षर लावता येतं. शेवटच्या ओळीवर आले, तर ह्यांनी पडद्यावर पंजाच ठेवला.

"काढा हात. लेक तिकडं वाट बघतीया."

हात बाजूला केला. ओळीत माझं नाव! शरणम्मा. आणि पुढं लिहिलेलं, हे नाव अपुरं आहे, पूर्ण नाव सांगा.

"माझं नाव हितं कुणी घातलं?"

ह्यांनी मान खाली घालून पाटी पुसली. ‘मशीनला नाव द्यावं लागतं. मेल देताना ते पलीकडच्या मशीनला आधी आपलं नाव सांगतं.’

चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगं ए", नाहीतर "महेश्वरीची अव्वा". माझे डोळे भरून आले. रागही आला, खोटं कशाला सांगू?

"अवो, नुसती शरणम्मा म्हटल्यावर कोण दार उघडंल? कुणाची, कुठली, सांगाया नको व्हय? काढा ते, दुसरं कायतरी घाला."

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. माझं नाव काढलं नाही. त्यापुढं टिंब दिलं आणि एका बोटानं अक्षरं शोधत आपलं नाव लावलं, मडिवाळप्पा. मग आणखी एक टिंब आणि मेलच्या पत्त्यात शेवटी असतात ती दोन अक्षरं, आय आणि एन.

ह्या खेपेला मेल परत आला नाही. दहा चाळीसला महेश्वरीचं उत्तर आलं, "मिळालं अप्पा. जाते आत."

मी पदरानं डोळे पुसले. "आवाज होता तवा एकदा तरी घ्यायचं होतं की माझं नाव."

ह्यांनी पाटी बाजूला ठेवली. मग ओठ हलले. आवाज कुठला यायला! गळ्यावरचा रुमाल तेवढा हलला, चार वेळा. श, र, ण, म्मा.

मी ओ दिली.